लपवलेली खिडकी

कोरं. म्हणजे पान कोरं नव्हतं. वर दवाखान्याचं नाव होतं, पेशंटचं वय होतं, 'उजवा कान', 'डावा कान' अशी दोन शीर्षकं होती, त्यांच्याखाली दोन नीटनेटक्या चौकटी होत्या आणि अगदी तळाला डॉक्टरांच्या सहीसाठी ओढलेली रेघसुद्धा होती. फक्त चौकटींच्या आत काही नव्हतं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो आलेखच नव्हता. सकाळी ऑफिसात आल्याआल्या, पर्स खुंटीला अडकवायच्याही आधी, नुसती खात्री करून घ्यावी म्हणून मी ती पीडीएफ उघडली आणि पर्स हातातच राहिली. खरं तर एवढं काही नाही. फाइल बिघडते, सुधारते, माझी हयात त्यातच गेली. पण त्या दोन पांढऱ्या चौकटींकडे बघताना मला काय झालं कोण जाणे. आपण जीव तोडून हाक मारावी आणि समोरच्याने मानच वर करू नये, तसं वाटलं. हे वाटणं जुनं होतं, ओळखीचं होतं, आणि असं उभ्याउभ्या ते इथे कुठून आलं ते कळेना. मी पर्स टेबलावरच आपटली आणि म्हटलं, "मेल्या, आजच?"

आजच, कारण आज दुपारी कानाच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. आमचा प्रोग्राम त्यांच्या सगळ्या दवाखान्यांत चालतो. माणसाला एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक-मोठे आवाज सोडतात, आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. त्यातून जी रेघ तयार होते ती म्हणजे त्या माणसाचं ऐकणं. ती रेघ आम्ही आधी वेबसाइटच्या पानासारख्या एचटीएमएलच्या पानावर काढतो आणि मग त्या पानाची पीडीएफ करून पेशंटच्या हातात देतो. हे सगळं नेटवर का नाही, असं आमचे साहेब दर महिन्याला विचारतात. अहो, त्या खोलीत आवाज शिरू नये म्हणून भिंती इतक्या जाड बांधलेल्या असतात की तिथे नेटही शिरत नाही. तिथे कॉम्प्युटरवर बसवलेला प्रोग्रामच लागतो. हे मी दर महिन्याला सांगते. साहेब माझ्याहून बरेच लहान आहेत, मनातल्या मनात मी त्यांना चिरंजीव म्हणते, आणि चिरंजीवांना बाहेरून विकत मिळणारं एक नेटवरचं तयार काम आवडलं होतं. नवीन रिपोर्ट बाईंना पटला तर आमचा प्रोग्राम राहणार, नाही पटला तर तो बंद, त्या जागी ते तयार काम, आणि मी फोनवर लोकांना 'बंद करून परत चालू करा' असं सांगणाऱ्या विभागात. हे सगळं साहेबांनी मला फार गोड शब्दांत सांगितलं होतं. हा प्रोग्राम मी पहिल्या ओळीपासून लिहिला आहे. त्याच्यापायी मी किती लग्नं चुकवली, किती आजारपणं खुर्चीत बसून काढली, ते माझं मला माहीत. तो बंद पडला तर मी कोण, हा प्रश्न मी मुद्दामच मनात येऊ देत नव्हते, म्हणजे तो येतच होता.

मुंगी आली. ही आमची तपासनीस. एवढीशी आहे, आणि तुम्ही कितीही घट्ट झाकण लावा, ही आत शिरून चूक हुडकून आणतेच, म्हणून मुंगी. तिने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई!" "अगं बाई नको, काल काय काय बदललं ते सांग," मी खेकसले. काल पुष्कळ बदललं होतं. अक्षरं बदलली होती, पान कुठे तुटावं ते बदललं होतं, आणि साहेबांच्या सांगण्यावरून एक खिडकी लपवली होती. पीडीएफ करताना आमचा प्रोग्राम एक दुसरी खिडकी उघडतो, तिच्यात रिपोर्टचं पान मांडतो, छापतो आणि बंद करतो. ती खिडकी पडद्यावर भप्पकन येऊन जायची. "मॅडम, ते बरं दिसत नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरंही होतं, बाईंना दिवसभराचे सगळे रिपोर्ट एकदम काढायचे असतात, तेव्हा खिडक्यांचा नुसता उच्छाद व्हायचा. म्हणून काल जाताजाता मी ती लपवली. आता ती उघडायची, काम करायची, पण कुणाला दिसायची नाही. मी अक्षरं पूर्वीसारखी केली. कोरं. पान तुटायची जागा पूर्वीसारखी केली. कोरं. मग म्हटलं आत चाललंय काय ते तरी बघू, आणि खिडकी दिसती केली, तर आलेख हजर! डावीकडून उजवीकडे हळूहळू उमटत गेला, मोठ्या दिमाखात. (हे हळूहळू उमटणंही साहेबांचंच. "जरा जिवंत दिसू दे, मॅडम.") पीडीएफही छान झाली. मी हुश्श केलं, खिडकी परत लपवली, आणि परत कोरं. जास्त वेळ थांबायला लावलं, तरी कोरं. दिसती केली की आहे, लपवली की नाही. मुंगी हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही बघत असलात की शहाण्यासारखं वागतं हो ते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाडोबा आहे का तो? मी काय त्याच्या उशाशी बसून राहू?"

लाडोबा हा शब्द तोंडातून गेला आणि मला आमच्या जुन्या घराची फरशी आठवली. पुढची खोली, लाल फरशी, खुर्चीत बाबा, तोंडासमोर वर्तमानपत्र. आणि मी दोरीवरच्या उड्या मारतेय. "बाबा, बघा ना!" "बघतोय." "नाही बघत तुम्ही!" "बघतोय, बघतोय." पेपर तसूभर खाली यायचा नाही. मी आणखी जोरात उड्या मारायची, हात उलटे करून मारायची, एका पायावर मारायची, घामाघूम व्हायची, आणि समोर आपल्या त्या बातम्या आणि जाहिराती. एकदा दोरी पायात अडकली तर पेपरच्या मागून आवाज आला, "अडखळलीस." मला असा राग आला! एवढं सगळं केलं त्याचं काही नाही, आणि अडखळले ते बरं कळलं. आई म्हणायची, "जाऊ दे गं, त्यांचं तसंच आहे. पंपावरही असेच बसतात, डोळे पेपरात आणि कान पंपात." बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. मला त्या पंपांशी काही देणंघेणं नव्हतं. मी दोरी माळ्यावर टाकली आणि ठरवलं की यापुढे कुणाला 'बघा' म्हणून म्हणायचं नाही. नाही म्हटलंही. पहिली आले तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. या प्रोग्रामची पहिली आवृत्ती चालली तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते, उठून एक गिरकी घेतली आणि खाली बसले. मी न बघणाऱ्यांच्या समोर मोठी झालेली बाई आहे, आणि मीच लिहिलेला हा आलेख कुणी बघत नसलं की हातपाय गाळून बसतो, याचा मला संताप आला. आणि संतापाच्या तळाशी थोडा हेवा होता, हेही सांगून टाकते. निदान तो रुसून तरी बसू शकत होता.

साहेब डोकावले. माझा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं, आणि त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की मला तो सहन होईना. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. नाहीच झालं तर खिडकी दिसू द्या. आपण बाईंना सांगू, तेवढं जरा चालवून घ्या. आणि... तो दुसरा पर्याय मी तयार ठेवलाय." ठेवलायच म्हणे. मांडीवर मांडी टाकून वाट बघत बसलाय तो दुसरा पर्याय. मी म्हटलं, "साहेब, बाई एकदम शंभर रिपोर्ट काढतील, शंभर खिडक्या नाचतील, आणि त्या नाचात तुमचा पर्याय विकला जाईल. मला जेवायच्या सुट्टीपर्यंत एकटं सोडा." ते गेले. मुंगी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचीही खुर्ची याच खोलीत होती. मी तिला म्हटलं, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, आणि येताना दोन कॉफी आण." ती गेली. मी त्या चौकटींकडे बघत बसले. या नमुन्याच्या रिपोर्टमधला पेशंट म्हणजे आमचे बाबाच. खरे आकडे हवे होते, आणि माझ्याजवळ त्यांचीच जुनी कानतपासणी होती, ती मी भरून टाकली होती. म्हणजे सकाळपासून मी बाबांच्याच कानांकडे डोळे लावून बसले होते आणि तिथे काही दिसत नव्हतं. मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. घरून, मावशींचा. बाबांना गेल्या वर्षी झटका आला तेव्हापासून त्यांचा डावा हात रुसलाय. बोलणं शाबूत आहे, चालणं बऱ्यापैकी आहे, पण हाताला रोज व्यायाम पाहिजे. मऊ चेंडू मुठीत धरायचा, दाबायचा, सोडायचा. दिवसभर त्यांच्याजवळ मावशी असतात, आणि मावशींच्या तक्रारी माझ्या जेवणाच्या वेळेला येतात. "बाई, तुम्हीच सांगा आता यांना. माझं ऐकत नाहीत." "काय झालं?" "अहो, मी समोर बसले की चेंडू दाबतात. असे दाबतात की बघावं! मी स्वयंपाकघरात वळले की बंद. नुसता हातात धरून खिडकीबाहेर बघत बसतात. मी विचारलं तर म्हणतात, कुणी बघत नाही तर कशाला हलवू? आता मी कामं करू की यांच्याकडे बघत बसू?" कुणी बघत नाही तर कशाला हलवू. अगं बाई. अगं बाई, बाई, बाई! "मावशी," मी म्हटलं, "तुमच्या तोंडात साखर पडो," आणि फोन ठेवला. बिचाऱ्या तिकडे काय समजल्या असतील देव जाणे.

थांबवलेलं होतं ते हलणं! लपलेल्या खिडकीत पान मांडलं जातं, अक्षरं येतात, रेघा येतात, सगळं येतं. पण जे हळूहळू हलत उमटायचं असतं ते उमटत नाही. जिकडे कुणी बघतच नाही तिथे चित्र हलवण्यात कशाला शक्ती घालवा, असा शहाणपणा खिडकीच्या पोटात आधीपासूनच घालून ठेवलेला असतो. मला हे माहीत होतं. कधीतरी वाचलेलं होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत केवढं अंतर! आलेख पहिल्या पावलाला उभा राहायचा, कुणी बघेल म्हणून वाट बघायचा, आणि आम्ही वर 'जास्त वेळ थांब' म्हणून सांगत होतो. जन्मभर थांबला असता तो. आता हात चालायला लागले. छापायच्या पानावर हे हळूहळू उमटणं बंद. रेघ काढायची ती एका दमात, पूर्ण. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं. आजवर आम्ही काय करायचो, तर थोडा वेळ थांबायचो आणि झालं असेल असं धरून छापायचो. ते बंद. आता रेघ पुरी झाली की पानानेच आतून आवाज द्यायचा, 'झालं', आणि तो आवाज आला की मगच पीडीएफ. बघायचं कुणी नाही. नुसतं कान देऊन बसायचं. मी शेवटची ओळ लिहिली, खिडकी लपवली, आणि बटण दाबताना डोळे मिटून घेतले. मुंगीची किंकाळी ऐकली तेव्हा उघडले. डाव्या चौकटीत रेघ, उजव्या चौकटीत रेघ. बाबांचे दोन्ही कान जागच्या जागी. मुंगीने कॉफी माझ्या टेबलावर सांडली, मी तिला एक शब्द बोलले नाही, आणि आम्ही दोघी त्या सांडलेल्या कॉफीभोवती लहान मुलींसारख्या नाचलो. काचेपलीकडून साहेब बघत होते. बघू देत.

डॉक्टरीणबाई आल्या त्या घाईतच. कमी बोलणाऱ्या, आणि समोरच्याला आपण उगीच बोलतोय असं वाटायला लावणाऱ्या. साहेबांनी सुरुवात करायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "मला खुर्ची द्या, मीच करते." बसल्या, यादीतले सगळे पेशंट निवडले, सगळेच्या सगळे, आणि बटण दाबलं. एकही खिडकी नाचली नाही. पडद्यावर एक बारीक पट्टी सरकत गेली आणि फाइलींचा ढीग तयार झाला. बाईंनी ढिगातली मधलीच एक उघडली, मग तळातली, मग आणखी एक, चष्मा वर सरकवून, चष्मा खाली ओढून. मग एका पानावर थांबल्या. "हा डावा कान कुणाचा?" "माझ्या वडिलांचा," मी म्हटलं. "यंत्रांच्या गोंगाटात काम होतं का, कुठल्या पंपावर? की कारखान्यात?" "पंपावर." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "इथपर्यंत ठीक आहे, माणसांचं बोलणं वगैरे. पण इथून पुढे बघा, दोन्ही कान धाडकन खाली आलेत. बारीक आवाज यांना अजिबात येत नसणार. शिट्टी, पाखरं, दाराची घंटा. येत नाही ना?" "नाही येत." "मला रेघेवरून एवढं कळलं म्हणजे रिपोर्ट चांगला झालाय," त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "हेच ठेवा. ते दुसरं काय म्हणत होता ते नको. आणि यात काही बदल करायचा असेल तर यांना विचारल्याशिवाय करू नका." पर्स उचलून गेल्याही. साहेब माझ्याकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "साहेब, तोंड मिटा, आत माशी जाईल," आणि ते चक्क हसले. चांगला आहे हो तसा पोरगा. मुंगीने हात वर केला, मी त्यावर टाळी दिली, आणि ती अशी वाजली की शेजारच्या खोलीतल्या माना वळल्या.

त्या दिवशी मी घरी चालत गेले. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती, एका दुकानाच्या काचेत मी मला दिसले, केस विस्कटलेले, ब्लाउजच्या बाहीवर कॉफी, आणि चेहऱ्यावर असं काही की मीच मला ओळख द्यावी. जिंकले होते मी. हा शब्द मी स्वतःविषयी फारसा वापरत नाही, पण आज दुसरा चालणार नव्हता. आणि जिंकलेल्या माणसाला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतंच. खेळण्यांच्या दुकानासमोर मी थबकले, बाईंचं बोट त्या रेघेवरून पुन्हा फिरलं, शिट्टी, पाखरं, दाराची घंटा, आणि मी आत शिरले. "दाबल्यावर चीं करणारं काहीतरी द्या. मऊ पाहिजे, मुठीत मावणारं." दुकानदाराने एक पिवळं रबरी बदक काढून दिलं. "बाळ केवढं आहे?" "ऐंशीच्या घरात," मी म्हटलं. तो बदक माझ्या हातात ठेवून बघतच राहिला.

मावशी निघायच्या तयारीतच होत्या, दारातून जाताना माझ्याकडे जरा जपून बघत गेल्या. बाबा खिडकीशी खुर्चीत. मी त्यांच्या बरं ऐकू येणाऱ्या बाजूला वाकून मोठ्याने म्हटलं, "चेंडू खराब झालाय. आजपासून हे." "हे काय? बदक?" "बदक." "मी काय लहान आहे?" "नाही, पण हट्टी आहात." त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, डाव्या मुठीत घेतलं. दाबलं. चीं! एवढ्या मोठ्याने की मी दचकले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. ऐकूच आलं नव्हतं. हसू फुटू नये म्हणून मी ओठ घट्ट दाबून धरले. "मी आत जातेय, मला काम आहे," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन, भिंतीकडे तोंड करून, ओट्याला टेकून उभी राहिले.

काही नाही. नळ थेंबथेंब गळत होता तो मी आवळला. बाबांच्या खोलीतून कसलाही आवाज नाही. मला कळत होतं, आता ते बाहेर बघत बसले असणार, बदक मांडीवर. बसू देत, मी मनाशी म्हटलं, घाई नाही. आणि तरी जीव कानांत गोळा झाला होता. मग तिकडून हाक आली, "अगं, बघतेयस ना?" माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेलं, "बघतेय!" भिंतीकडे बघत. चीं. जरा वेळाने, चीं. मग लय लागली, चीं, चीं, चीं, मधे एकदा लांबलं, नुसतीच फुस्स हवा गेली, आणि मग पुन्हा धरलं. मी तशीच उभी होते. समोर नुसती भिंत होती, आणि मला त्यांचा हात दिसत होता, बोटं मिटताना, उघडताना, कुठे थकला तेसुद्धा. लाल फरशी आठवली. दोरी फरशीवर आपटायची, फट्, फट्, फट्, तो आवाज. पेपरच्या मागे बसलेला माणूस, ज्याने सगळं आयुष्य पेपर वाचत वाचत पंप सांभाळले. दोन पायांवरची उडी, एका पायावरची उडी, उलटी उडी, सगळ्यांचा आवाज वेगळा. अडखळलीस. अगं वेडे, एकूण एक उडी मोजल्याशिवाय अडखळलेली कळते का कुणाला? माझे डोळे भरून आले आणि मी भरू दिले.

"बघतेयस ना गं?" तिकडून पुन्हा.

"बघतेय, बघतेय," मी भिंतीला म्हटलं, मग त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून म्हटलं, "मगाशी एकदा अडखळलात!"

बदक थांबलं. मग बाबा हसले. ते हसणं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि मग बदक असं काही ओरडायला लागलं की शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं.